धूरमणी

उज्ज्वला बाबरांच्या स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यात एक दगड होता. काळा, लिंबाएवढा, एका अंगाने चपटा. डबा रिकामा होत आला की तो वर डोकवायचा आणि नवा तांदूळ ओतला की तळाशी जायचा. घरात दुसरं माणूस म्हणजे मुलगी ईश्वरी, आणि तिला मिठाची बरणी कुठल्या फळीवर असते तेही धड ठाऊक नव्हतं. त्यामुळे दगडाला कुणाकडून धोका नव्हता.

तो त्यांच्या नवऱ्याचा जीवखडा होता. अंत्यविधीत खांद्यावरच्या मडक्याला ज्या दगडाने भोक पाडतात, तोच हा. गेलेल्या माणसाचा जीव दहा दिवस त्यात वस्तीला असतो म्हणतात. रोज त्याच्यावर तीळ आणि पाणी घालायचं, दहाव्याला नदीवर पिंड ठेवायचे, कावळा शिवला की खडा पाण्यात सोडायचा, आणि माणूस पुढच्या प्रवासाला मोकळा.

हणमंत बाबरांच्या पिंडाला कावळा शिवला नव्हता. नातेवाइकांनी हात जोडून काय काय कबूल केलं. मुलगा शंभूराज म्हणाला, घराचा वरचा मजला पुरा करतो. दीर म्हणाले, ईश्वरीचं लग्न थाटात लावतो. कावळे घाटावरच्या कडुलिंबावर बसून सगळं ऐकून घेत होते, पण खाली एक उतरेना. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला, शंभूराजने खडा कृष्णेत सोडला आणि मंडळी जेवायला वळली. शंभूराजने जो सोडला तो अंगणातला साधा दगड होता, हे फक्त उज्ज्वलाबाईंना माहीत होतं. त्या दिवशी पहाटे पडवीत टांगलेल्या फडक्याची गाठ सोडून त्यांनी खडा बदलला होता. त्यामागे काही मोठा विचार नव्हता. त्यांना नवऱ्याला जाऊ द्यायचं नव्हतं, एवढंच.

याला आता दोन वर्षं होत आली होती.

उज्ज्वलाबाई एसटीत कंडक्टर होत्या आणि हणमंतराव ड्रायव्हर. लग्नाच्या आधीपासून पानमळे-महाड गाडी दोघं मिळून नेत. एसटीत कंडक्टरला मास्तर म्हणायची पद्धत आहे. हणमंतराव बायकोला शेवटपर्यंत मास्तरच म्हणाले. मास्तरने दोरी ओढून एकदा घंटी दिली तर थांबायचं, दोनदा दिली तर निघायचं. ही डबल बेल त्यांच्या अंगात इतकी मुरली होती, की बाजाराला जाताना मोटरसायकल चालू करून ते तसेच बसून राहत आणि मागून पाठीवर दोन टिचक्या पडल्याशिवाय हलत नसत. एरवी मात्र हा माणूस एका जागी टिकणारा नव्हे. सुट्टीच्या दिवशी जेवणाचं ताट धुऊन व्हायच्या आत चपला घालून बाहेर पडायचा. "बसलं की गंज चढतोय," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. उज्ज्वलाबाई चिडायच्या आणि दाराशी वाट बघत उभ्या राहायच्या.

आता अशा माणसाचा दगड कसा झाला, ते सांगायला हवं.

आपला सह्याद्री म्हणजे थिजलेला लाव्हा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तो थरावर थर वाहत राहिला आणि थिजताना त्यातले वायूचे बुडबुडे जागच्या जागी अडकले. आंबोळीला जाळी पडते तशी त्या काळ्या कातळाला जाळी पडली. पुढे पावसाने आपलं काम सुरू केलं. पावसाचं पाणी येताना हवेतला थोडा कार्बन वायू आपल्यात विरघळवून आणतं आणि त्याने किंचित आंबट होतं. ते आंबट पाणी कातळातला चुना सोडवतं, आणि चुन्याची नि वायूची गाठ पडली की त्या पोकळ्यांत पांढरा स्फटिक धरतो. हवेचा असा दगड करण्याचा उद्योग निसर्ग फार पूर्वीपासून, कुणाला न विचारता, करत आला आहे.

माणसाने त्यात फक्त घाई आणली. हवा तापत चालली होती आणि सगळ्या जगालाच घाई झाली होती. कारखान्यांचा वायू पकडायचा, सोड्याच्या बाटलीत भरतात तसा दाबून पाण्यात विरघळवायचा, आणि ते पाणी खोल बोअरमधून त्या जाळीदार कातळात सोडायचं. पावसाला ज्याला युगं लागतात, ते दोन वर्षांत होऊ लागलं. पानमळ्याच्या माळावर अशी विहीर झाली. कागदोपत्री तिचं नाव लांबलचक होतं, पण लोकांनी तिला धूरविहीर म्हटलं आणि तेच राहिलं. आधी तिच्यात साखर कारखान्याचा धूर जाई. मग माळाच्या पायथ्याला नवी बंद दाहिनी झाली आणि तिचीही नळी विहिरीला जोडली गेली.

प्रत्येक खेपेच्या पाण्यात एक खूण मिसळत. दुर्मीळ धातूंचं नखभर मिश्रण, दर खेपेला वेगळं, कुणाला अपाय न करणारं. दोन वर्षांनी कातळात नळी घालून दगडाची कांडी वर काढायची, म्हणजे कुठल्या खेपेचा किती दगड झाला ते समजे. शास्त्रज्ञांनी ही सोय स्वतःच्या कामासाठी केली होती. पण एक दिवस गावातली एक बाई विहिरीच्या फाटकाशी आली आणि तिने विचारलं, मग माझा पोरगा त्यातला कुठला, तेवढं सांगता का?

सांगता येत होतं. तिथून सगळं बदललं.

त्या पांढऱ्या दगडाला लोक धूरमणी म्हणू लागले. दोन वर्षं भरली की घरच्यांना बोटभर कांडी द्यायची, असं ठरलं. काळ्या कातळात पांढरे दाणे, उन्हात धरले तर आतून उजळणारे. कुणी तो देव्हाऱ्यात ठेवला, कुणी अंगठीत बसवला. एका लग्नात वरमाईच्या शेजारच्या खुर्चीवर धूरमणी ठेवून त्याला शेला-फेटा केला गेला. दोघा भावांनी वडिलांची कांडी मधोमध कापून घेतली आणि मोठ्याकडे पांढरं जास्त गेलं म्हणून धाकट्याने बोलणं टाकलं. भटजींची तर पुरती पंचाईत झाली. माणूस धुरात असेल आणि धूर दगडात, तर त्याचा दहावा कधी धरायचा, असं लोक विचारत, आणि पंचांगात त्याचं उत्तर नव्हतं.

सगळ्यात मोठा बदल मात्र हळूच झाला. माणसं पानमळ्यातून हलेनाशी झाली. बदल्या नाकारल्या, पुण्यातली भाड्याची घरं सोडली. पूर्वी आईबाप गेले की गाव सुटायचं. आता आईबाप माळाखाली होते, कायमचे, आणि त्यांना टाकून जायचं कसं? गाव गजबजलं, पण कुणीतरी हळू आवाजात बोला म्हणून सांगितल्यासारखं झालं. संध्याकाळी लोक माळावर जाऊन नुसते बसत. तिथलं गवतही कुणी कापत नसे.

ईश्वरी त्यातलीच एक. वडील गेले तेव्हा ती बंगळूरला शेवटच्या परीक्षेत होती, आणि धावतपळत पोचली तेव्हा दाहिनीचं दार बंद झालं होतं. तिला तोंड पाहायला मिळालं नाही. भूशास्त्रात पहिली आलेली मुलगी. कुठेही गेली असती. तिने धूरविहिरीवर नोकरी धरली, तिथल्या गाभाघरात. वर काढलेल्या दगडाच्या कांड्या लांब पेट्यांत ओळीने मांडायच्या, तपासायच्या, राखायच्या. शंभूराज पुण्याहून फोनवर म्हणायचा की हिला वेड लागलंय. उज्ज्वलाबाई त्याला गप्प करायच्या. खरं तर त्यांना बरंच वाटत होतं. पोरगी संध्याकाळी घरी येते, ताटावर बसते, याहून त्यांना काय हवं होतं?

कार्तिकातल्या एका संध्याकाळी ईश्वरीने जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून कापडात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि ओट्यावर ठेवलं. "आई, बाबांना आणलंय," ती म्हणाली.

उज्ज्वलाबाईंनी हात पुसले. कांडी उचलली. वाटलं होतं त्याहून जड होती. त्यांनी ती खिडकीतल्या उजेडात धरली आणि पांढरे दाणे एकेक करून पेटल्यासारखे दिसले. त्यांना रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. त्यांच्या मनात आलं ते इतकंच, की हा माणूस एवढा गप्प कधी बसला नव्हता.

धूरमणी देव्हाऱ्यात गेला. काळा खडा डब्यात होताच. दगडाखाली हात सापडणं म्हणतात ना, तसं उज्ज्वलाबाईंचं झालं होतं, फक्त दगड दोन होते.

त्याच आठवड्यात त्यांना ते स्वप्न पडू लागलं. दुपारी जेवून आडवं झालं, डोळा लागला, की त्या थेट कातळाच्या पोटात असत. अंधार नव्हे, दुधाळ उजेड. तिथे त्यांची लाल गाडी उभी असायची, खिडक्यांना काचांऐवजी पांढरे स्फटिक. हणमंतराव स्टिअरिंगवर. इंजिन चालू, आणि त्याची थरथर पायाखालच्या पत्र्यातून अंगात चढायची. गाडी रिकामी. ते वरच्या आरशातून मागे बघत, रागाने नव्हे, नेहमीसारखे, आणि विचारत, "मास्तर?" उज्ज्वलाबाई दोरीसाठी हात वर करत. दोरी हाताला लागत नसे. जागं झाल्यावरही हात उशीच्या वर उचललेला असायचा.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. हणमंतरावांची मेल्यावरही गेलेली दिसत नव्हती.

अंदमानची गोष्ट त्यांना शंभूराजकडून कळली. ईश्वरीने घरात चकार शब्द काढला नव्हता. तिला नोकरी चालून आली होती, बॅरन बेटावर. आपल्या देशातला तो एकुलता एक जागता ज्वालामुखी. तिथे नवं केंद्र निघत होतं, ज्वालामुखीच्या तोंडातून काय काय वायू बाहेर पडतात ते मोजायला. त्यांना नेमकी ईश्वरीसारखीच मुलगी हवी होती. शनिवारपर्यंत होकार द्यायचा होता आणि ईश्वरीने नाही म्हणायचं ठरवलं होतं. भावाला तिने कारण सांगितलं ते एका वाक्यात: बाबा इथे आहेत.

उज्ज्वलाबाईंनी फोन ठेवला. पहिली भावना आनंदाची होती, हे त्यांनी स्वतःपाशी कबूल केलं. पोरगी जात नव्हती. मग त्या भात टाकायला उठल्या, डब्यात हात घातला, आणि बोटं खड्याला लागली. हात तिथेच राहिला. हे मी सुरू केलं, त्यांच्या मनात आलं. मी एक खडा राखला आणि पोरीने डोंगर राखायला घेतला.

दुसऱ्या दिवशी त्या माळावर गेल्या. दोन वर्षांत गाभाघरात पाऊल टाकलं नव्हतं. लांबच लांब पत्र्याची शेड, आत ओळीने पेट्या, आणि पेट्यांत डोंगराच्या कांड्या. ईश्वरी आईला बघून दचकली, मग खूश झाली, आणि दाखवू लागली. हा वरचा थर, हा त्याखालचा. दोन थरांच्या मधली ही लाल पट्टी म्हणजे जुनी माती. एक लाव्हा वाहून गेल्यावर पुढचा येईपर्यंत मधे हजारो वर्षं गेली, त्यात माती झाली, त्यावर झाडं उगवली, मग पुन्हा लाव्हा आला आणि ती भाजून लाल झाली.

"ही लाल पट्टी आंबेनळीच्या घाटात दिसती," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "तिसऱ्या वळणावर. ह्यांना म्हायती होती. म्हणायचे, बघा मास्तर, डोंगराच्या पोटात केक कापल्यागत दिसतंय."

ईश्वरी हसली. मग उज्ज्वलाबाईंनी जे विचारायला आल्या होत्या ते विचारलं. देव्हाऱ्यातल्या त्या कांडीत जे पांढरं आहे, ते सगळं ह्यांचंच का?

ईश्वरीने पेटीवरची धूळ बोटाने पुसली. घरच्या लोकांना हे कुणी सांगत नसे आणि कुणी विचारतही नसे.

"नाही," ती म्हणाली. "पाणी एका जागी थांबत नाही गं. भेगांतून इकडे तिकडे जातं. त्या कांडीत बाबांची खूण सगळ्यात जास्त आहे. पण त्यात मुजावर चाचींची पण खूण आहे, दफन नको, दाहिनीत न्या म्हणून सांगून गेल्या होत्या ना त्या. फरांदे गुरुजींची आहे. एक तर माणसाची नाहीच, कारखान्याच्या उसाची असेल. आणि थोडं पांढरं असं आहे की त्याला कुणाचीच खूण नाही. ते आधीपासूनचं. कधीच्या पावसाचं, काय माहीत."

तिचा आवाज पडला होता. तिला वाटलं आई आता मोडेल. पोरीने ही गोष्ट छातीशी धरून ठेवली होती, आणि आपल्याकडचे बाबा निव्वळ बाबा नाहीत हे स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं.

उज्ज्वलाबाईंनी त्या पेटीकडे पाहिलं. मुजावर चाची गाडीच्या नेहमीच्या. दर मंगळवारी पोलादपूरला लेकीकडे जायच्या आणि सुट्ट्या पैशांवरून भांडायच्या. फरांदे गुरुजी पुढच्या दारातून चढायचे, ड्रायव्हरशी गप्पा मारता याव्यात म्हणून.

"म्हंजे गाडी भरलीया," त्या म्हणाल्या.

ईश्वरीला काही कळलं नाही. उज्ज्वलाबाईंनी समजावलंही नाही. भिंतीवर मोठा नकाशा होता, नुसत्या जमिनीचा नव्हे, समुद्राच्या तळाचाही, आणि त्यावर बाण काढलेले होते. हे बाण कसले, त्यांनी विचारलं. ईश्वरीला बोलायला दुसरं काही मिळालं म्हणून बरं वाटलं. जमीन कुठे जाते त्याचे बाण, ती म्हणाली. आपला देश ज्या खडकाच्या पाटावर बसला आहे तो पाट रोज सरकतो, वर्षाला दोन-तीन बोटं, उत्तरेकडे. हिमालय त्याच धडकेने उभा राहिला. इकडे पूर्वेला हाच पाट अंदमानच्या खाली बुडतो. बुडताना समुद्रतळाचा गाळ, शिंपले, चुना, सगळं बरोबर घेऊन जातो. खोल गेल्यावर ते तापतं, त्यातला वायू सुटतो, आणि वर ज्वालामुखीतून बाहेर पडतो. पुन्हा हवा. पुन्हा पाऊस. पुन्हा कातळ.

"तोच तुझा बॅरन का काय तो?"

ईश्वरीने आईकडे पाहिलं आणि समजली की शंभूराजने सांगितलं. "मी जाणार नाहीये," ती म्हणाली.

उज्ज्वलाबाई नकाशाजवळ गेल्या. चष्मा वर केला. पानमळे त्यात कुठे दिसणार; त्यांनी महाबळेश्वरावर बोट ठेवलं. कृष्णेची निळी रेघ धरून बोट खाली नेलं, सांगली, पुढे कर्नाटक, पुढे आंध्र, आणि शेवटी रेघ समुद्राला लागली. तिथून बोट बंगालच्या उपसागरावरून सावकाश पलीकडे नेत अंदमानपाशी आणलं. सबंध नोकरीत त्यांनी इतका लांबचा रूट पाहिला नव्हता.

"किती वेळ लागंल?" त्यांनी विचारलं.

"कशाला?"

"इथनं नदीत पडलेल्या खड्याला तिथं पोचून धूर व्हायला."

ईश्वरीने सवयीने हिशेब केला. मधे धरणं होती, पण धरणं काय, आज आहेत आणि उद्या गाळाने भरतील. खडा झिजेल, विरघळेल, समुद्रात कुठल्याशा शिंपल्याच्या अंगाला लागेल, तळाशी बसेल, पाटाबरोबर सरकत राहील. "चार कोटी वर्षं," ती म्हणाली. "जास्तच."

"लेट हुईल," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "पर लाल डबा पोचतोय."

त्या दुपारी स्वप्नात गाडी भरलेली होती. मुजावर चाची खिडकीशी, गुरुजी पुढच्या सीटवर, मागे उसाची मोळी घेऊन कुणीतरी, आणि सगळ्यात मागे ओळखू न येणारी माणसं, भिजलेली, कुठल्या काळच्या पावसातून चढलेली. कुणी भांडत नव्हतं. सगळे पुढे बघत होते. हणमंतरावांनी आरशात पाहिलं. "मास्तर?" उज्ज्वलाबाईंनी हात वर केला आणि या वेळी दोरी हाताला लागली, पण ओढायच्या आत त्यांना जाग आली. पंखा फिरत होता. त्या उठून बसल्या आणि त्यांना कळलं की कावळ्यांना काय ऐकायचं होतं. वरचा मजला नव्हे, लग्न नव्हे. इतक्या माणसांनी इतकं कबूल केलं, आणि जिने दोरी धरली होती तीच गप्प बसली होती.

शनिवारी सकाळी त्यांनी ईश्वरीला घाटावर चल म्हटलं. धूरमणी बरोबर घे, म्हणाल्या. ईश्वरीने ओळखलं आणि घरातच रडायला सुरुवात केली. तिने सांगून पाहिलं की हे नियमात बसत नाही. मग म्हणाली, कांडी एकच मिळते, पुन्हा मागता येत नाही. मग म्हणाली, मी त्यांना पाहिलंच नाही आई, तुला कळत नाही, तू पाहिलंस. उज्ज्वलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. पायात चपला घातल्या आणि दाराशी उभ्या राहिल्या. शेवटी ईश्वरी देव्हाऱ्याशी गेली.

नदीला बऱ्यापैकी पाणी होतं, आणि घाटाच्या पायऱ्या उन्हाने तापायला लागल्या होत्या. दोघी शेवटच्या कोरड्या पायरीवर बसल्या. उज्ज्वलाबाईंनी पदराची गाठ सोडली आणि काळा खडा बाहेर काढला. त्याला तांदळाची पांढरी भुकटी लागलेली होती.

"हे काय?"

"तुझ्या बाचा जीवखडा."

ईश्वरीचं रडणं थांबलं. "मग दादाने काय सोडलं?"

"अंगणातला दगड."

ईश्वरीने खड्याकडे पाहिलं, मग आईकडे. मग तिला हसू फुटलं, आणि हसता हसता पुन्हा रडू आलं, आणि दोन्ही मिळून तिचा चेहरा लहानपणीसारखा वेडावाकडा झाला. उज्ज्वलाबाईंनी तिला जवळ घेतलं.

"मला ह्यांच्याबिगर जमणार न्हाई वाटलं," त्या म्हणाल्या. "म्हून थांबवून ठिवलं. आपल्याला करमत न्हाई म्हून गाडी स्टँडवर उभी ठिवायची का गं? मानसं बसल्यात आत. जन्मभर डायवरला बेल दिली आन् शेवटच्या टायमाला दिली न्हाई मी."

"मी गेले तर तू एकटी पडशील."

"पडीन," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. त्यांना खोटं बोलायचं नव्हतं. "लई आठवण यील. पर तू तिकडं पुढं जाऊन ऱ्हा. शेवटचा स्टॉप हाय त्यो. ह्यांची गाडी तिथंच लागनार. कुनीतरी आपलं तिथं उभं राहून आलेलं असावं."

नदी चालली होती. पात्रातला काळा कातळ ठिकठिकाणी वर आलेला होता, आणि पाण्याने घासून घासून त्याला गुळगुळीत वाट्या पडल्या होत्या. ईश्वरीने कापड सोडलं. कांडी उन्हात आली तशी आतून उजळली.

"आज कितवा दिवस गं?" तिने विचारलं. भटजींना सगळं गाव विचारायचं तोच प्रश्न.

"चार कोटी वर्सांत दोन वर्सं म्हंजे काय," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "दहावाच समज."

त्यांनी काळा खडा पुढे धरला. ईश्वरीने पांढरी कांडी धरली. उज्ज्वलाबाईंनी खडा कांडीवर दोनदा आपटला. टक, टक. पाण्यावरून तो आवाज पलीकडच्या काठापर्यंत गेला.

"चला, डायवर," त्या म्हणाल्या.

दोघींनी हात उघडले. कडुलिंबावर कावळे होते की नव्हते, ते पाहायला दोघींपैकी कुणीही मान वर केली नाही.

पुढच्या आठवड्यात ईश्वरी निघाली. पुण्यापर्यंत एसटी, तिथून विमान. स्टँडवर गर्दी होती. तिला खिडकीची जागा मिळाली. बॅग वर टाकून ती बाहेर वाकली आणि आईने दिलेल्या सूचना मान हलवून ऐकत राहिली. जेवणाच्या, पाण्याच्या, ज्वालामुखीच्या फार जवळ न जाण्याच्या. मग सांगायचं काही उरलं नाही. गाडी भरली होती. ड्रायव्हर इंजिन चालू करून बसला होता आणि कंडक्टर खाली कुणाशीतरी बोलत उभा होता, विसरलेला. आणखी दोन मिनिटं मिळाली असती. उज्ज्वलाबाईंनी ती दोन मिनिटं मोजून पाहिली आणि त्यांना ती फार हवी होती.

मग त्या पुढे झाल्या, गाडीच्या तापलेल्या पत्र्यावर हाताचा पंजा ठेवला, आणि दोनदा थाप मारली.

गाडी हलली.